रविवारचा तास आणि मंडळीचा आठवडा

ल्युथरन मंडळीचे साप्ताहिक जीवन म्हणजे रविवारी सकाळची उपासना, असा सर्वसाधारण समज आहे. घंटा वाजते, गीते होतात, पाळक उपदेश करतात, आशीर्वाद मिळतो आणि लोक घरोघरी जातात. उरलेले सहा दिवस प्रपंचाचे. ख्रिस्ती नसलेल्या शेजाऱ्यांचा हा समज आहेच, पण खुद्द मंडळीच्या सभासदांतही तो मुरलेला आहे. हा समज उथळ आहे. ल्युथरन परंपरेत उपासनेचा पूर्ण आकार आठवड्याएवढा असतो. रविवारी जे ऐकले आणि स्वीकारले जाते, त्याची कसोटी घरात, कामावर आणि शेजारधर्मात लागते. तिथे साचलेले कष्ट, चुका आणि कृतज्ञता पुढच्या रविवारी पुन्हा मंडळीसमोर येतात. मंडळीची प्रकृती जोखायची तर रविवारच्या हजेरीचे माप अपुरे पडते. तिचा सोमवार ते शनिवार पाहावा लागतो.

हे प्रतिपादन तपासण्यासाठी सोलापूर जिल्ह्यातील टेंभुर्णीचा परिसर विशेष उपयोगी आहे. पुणे–सोलापूर महामार्गावरचे माढा तालुक्यातील हे गाव पंढरपूर, कुर्डुवाडी आणि उजनी धरणाच्या मधोमध वसले आहे. येथील जीवनाला आठवडी बाजार, ऊसतोडीचा हंगाम, औद्योगिक वसाहतीतील पाळ्या, एकादशी आणि वारी यांची लय आहे. मिशन संस्थांनी आपसांत कार्यक्षेत्रे वाटून घेतली तेव्हा सोलापूरचा मुलूख अमेरिकन मराठी मिशनकडे राहिला. त्यामुळे इथला प्रोटेस्टंट वारसा ल्युथरन नसून काँग्रिगेशनल मुळाचा आहे. एखादा विचार त्याच्या जन्मभूमीबाहेर किती टिकतो, हे अशा मुलखातच नीट कळते.

१. मंडळी कशाने होते?

या परंपरेचा पाया १५३० च्या ऑग्सबर्ग विश्वासपत्रात आहे. फिलिप मेलांख्थोन यांनी मुख्यतः लिहिलेले हे २८ कलमांचे पत्र २५ जून १५३० रोजी सम्राट पाचवा चार्ल्स याच्यापुढे वाचले गेले. त्याच्या सातव्या कलमाने मंडळीची व्याख्या केली. जिथे शुभवर्तमान शुद्धपणे शिकवले जाते आणि संस्कार योग्य रीतीने दिले जातात, अशा विश्वासणाऱ्यांचा मेळावा म्हणजे मंडळी. ऐक्यासाठी एवढे पुरेसे आहे. माणसांनी घालून दिलेल्या रीती आणि विधी सर्वत्र सारखे असलेच पाहिजेत असे नाही, असेही ते कलम सांगते.

यातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की इमारत, वेष, वाद्य आणि आसनव्यवस्था या गोष्टी मंडळीच्या स्वरूपात दुय्यम ठरतात. दुसरा असा की मंडळी ही घडत राहणारी गोष्ट आहे. वचन सांगितले जाते, ऐकले जाते, भाकर मोडली जाते, तेव्हा ती घडते. जे घडत राहायला हवे त्याला नियमित लय लागते, आणि ती लय आठवड्याची आहे.

रविवारचे समर्थनही याच तर्काने केले जाते. मार्टिन लूथर यांनी १५२९ च्या ‘बृहत् प्रश्नोत्तरी’त शब्बाथाच्या आज्ञेचे विवरण करताना कोणताही दिवस स्वतः होऊन अधिक पवित्र नसल्याचे सांगितले. विश्रांतीचा दिवस हवा, कारण आठवडाभर राबणाऱ्या गड्यांना आणि मोलकरणींना शरीराला विसावा हवा. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे सर्वांनी एकत्र येऊन वचन ऐकायला मोकळा वेळ हवा. रविवार प्राचीन काळापासून चालत आला आहे, म्हणून सुव्यवस्थेसाठी तोच ठेवावा. या विवेचनात कष्टकऱ्याची विश्रांती धर्माच्या मुळाशी येते, शोभेला नव्हे. महाराष्ट्रात हीच मागणी वेगळ्या वाटेने पुढे आली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांसाठी आठवड्याची सुट्टी मागितली, त्या मागणीत खंडोबाच्या रविवाराचा आधार होता, आणि १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी ती मान्य केली. श्रद्धा वेगळ्या असल्या तरी मूळ जाणीव सारखी आहे: राबणाऱ्या माणसाला मान वर करून पाहण्यासाठी एक दिवस मिळाला पाहिजे.

२. रविवारच्या उपासनेचा क्रम

ल्युथरन उपासनेचा क्रम वरवर पाहता विधींची यादी वाटतो. प्रत्यक्षात त्यात एक युक्तिवाद आहे. आरंभ पापांगीकाराने होतो. मंडळी एकत्रितपणे आपली चूक कबूल करते आणि पाळक पापक्षमेची घोषणा करतात. आठवडा जसा गेला तसाच, न सजवता, आधी मांडला जातो. त्यानंतर स्तुती आणि त्या दिवसाची प्रार्थना होते. मग शास्त्रवाचन: जुन्या करारातून एक, पत्रांतून एक आणि शुभवर्तमानातून एक. वाचने बहुधा ठरलेल्या वार्षिक पाठक्रमानुसार असतात, त्यामुळे पाळकाच्या आवडीचे उतारेच मंडळीच्या कानी पडत राहण्याचा धोका टळतो. आगमनकाल, नाताळ, उपवासकाळ, उत्तम शुक्रवार, पुनरुत्थानाचा सण आणि पन्नासावा दिवस हे वर्षाचे टप्पे याच पाठक्रमातून आठवड्यांत विणले जातात.

वाचनानंतर विश्वासांगीकार, गीत आणि उपदेश. त्यानंतर दान आणि मध्यस्थीची प्रार्थना, जिच्यात आजारी, प्रवासी, परीक्षार्थी, शोकग्रस्त, राज्यकर्ते आणि पिके यांची आठवण होते. मग प्रभुभोजन, प्रभूची प्रार्थना आणि आशीर्वाद. भारतातील अनेक मंडळ्यांत प्रभुभोजन दर रविवारी होत नाही. एका पाळकाकडे अनेक गावे असतात, हे त्याचे एक मोठे कारण आहे.

या क्रमातील दिशा लक्षात घेण्याजोगी आहे. ल्युथरन धर्मविचारात उपासनेचा आरंभ माणसाने देवाला काही अर्पण करण्यापासून होत नाही. क्षमा, वचन आणि भाकर या देणग्या आधी देवाकडून येतात. स्तुती, प्रार्थना आणि दान हे त्यांना मिळालेले उत्तर असते. देवाला काही मिळवून द्यायचे नसेल, तर माणसाची शक्ती आणि वेळ जायची कुठे? ल्युथरन उत्तर असे की ती शेजाऱ्याकडे जाते. म्हणून आशीर्वादाने उपासना संपत नाही. तिथून तिचा दुसरा, लांब भाग सुरू होतो.

३. घर: प्रश्नोत्तरीचे पहिले ठिकाण

१५२८ च्या सुमारास सॅक्सनीतील मंडळ्यांची पाहणी करताना लूथर यांना सामान्य लोकांचे आणि अनेक धर्मगुरूंचेही अज्ञान दिसले. त्यातून १५२९ मध्ये ‘लघु प्रश्नोत्तरी’ तयार झाली. ती आधी भिंतीवर लावायच्या तक्त्यांच्या रूपात छापली गेली. दहा आज्ञा, विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना, बाप्तिस्मा, पापांगीकार आणि प्रभुभोजन हे तिचे विषय आहेत. त्यांना सकाळ-संध्याकाळच्या आणि जेवणाच्या प्रार्थना व निरनिराळ्या नात्यांतील कर्तव्यांची यादी जोडलेली आहे. कुटुंबप्रमुखाने घरातील मंडळींना हे शिकवावे, असे तिच्या भागांच्या मथळ्यांतच नमूद आहे.

शिक्षणाचे पहिले ठिकाण म्हणून चर्चऐवजी घर निवडण्यामागे सर्व विश्वासणाऱ्यांच्या याजकपणाचा सिद्धान्त आहे. तो लूथर यांनी १५२० मध्ये जर्मन सरदारवर्गाला उद्देशून लिहिलेल्या पुस्तिकेत मांडला होता. घरात वचन सांगणारी आई आणि व्यासपीठावरून सांगणारा पाळक यांचे काम वेगळे असते, पण देवापुढचा दर्जा वेगळा नसतो. सकाळच्या प्रार्थनेनंतर गीत गात आनंदाने कामाला लागावे, अशी सूचनाही ‘लघु प्रश्नोत्तरी’त आहे. प्रार्थना आणि काम एकाच सकाळचे दोन भाग म्हणून तिथे येतात.

४. काम: अरण आणि विटेनबर्ग

मठातील जीवन शेतातल्या किंवा स्वयंपाकघरातल्या जीवनापेक्षा श्रेष्ठ आहे, ही मध्ययुगीन युरोपातील समजूत विटेनबर्गच्या लूथर यांनी नाकारली. चांभार, शेतकरी, दाई, न्यायाधीश यांचे प्रामाणिक काम हे देवाने दिलेले पाचारण आहे, कारण त्यातून शेजाऱ्याची गरज भागते. देवाला माणसाच्या सत्कृत्यांची गरज नाही, शेजाऱ्याला आहे. साप्ताहिक जीवनाच्या विचारात ही भूमिका मध्यवर्ती ठरते. ती नसेल तर सहा दिवस धर्माच्या दृष्टीने मोकळेच राहतात.

टेंभुर्णीच्या परिसरात या विचाराला परके मानता येत नाही. सोलापूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, त्याच माढा तालुक्यात अरण हे संत सावता माळी यांचे गाव आहे. लूथर यांच्या दोन शतके आधी, १२९५ मध्ये, सावता महाराजांनी तिथे समाधी घेतली. मळ्यातील काम हीच विठ्ठलाची सेवा, त्यासाठी वारी करण्याची गरज नाही, ही त्यांची शिकवण वारकरी परंपरेने जपली आहे. संतांच्या पालख्या पंढरपूरला जातात आणि विठ्ठलाची पालखी मात्र अरणला येते, ही प्रथाच त्या शिकवणीची साक्ष आहे.

दोन्ही विचार एकच आहेत, असे म्हणणे मात्र चुकीचे ठरेल. सावता महाराजांना कामात आणि पिकात विठ्ठलाचे दर्शन होते. तिथे काम स्वतःच भक्ती बनते. ल्युथरन विचारात काम माणसाला देवापाशी नेत नाही. क्षमा आधीच मिळालेली असते आणि काम त्या क्षमेचा शेजाऱ्यापर्यंत पोचणारा परिणाम असतो. हा फरक मोठा आहे. तरीही पवित्र स्थळी घालवलेला वेळ तेवढाच धर्माचा, ही कल्पना दोघांनीही नाकारली. ज्या तालुक्यात सावता माळी यांचा मळा होता, तिथे सहा दिवसांचा धर्म समजावून सांगायला युरोपातली उदाहरणे लागत नाहीत.

५. मधले दिवस आणि मंडळीची यंत्रणा

रविवार ते रविवार या काळात मंडळी कशी चालते, हे भारतातील ल्युथरन इतिहासात स्पष्ट दिसते. बार्थोलोमेउस झिगेनबाल्ग आणि हाइनरिख प्लुत्शाउ ९ जुलै १७०६ रोजी तरंगंबाडीला उतरले. पुढच्या काही वर्षांत शाळा, तमिळ छापखाना आणि तमिळ नवा करार ही कामे उभी राहिली. जॉन क्रिश्चन फ्रेडरिक हायर १८४२ मध्ये गुंटूरला पोचले आणि तिथे तेलुगू ल्युथरन मंडळ्यांची परंपरा सुरू झाली. गॉसनर मिशनचे लोक १८४५ मध्ये रांचीत आले. या सर्व ठिकाणी पाळक थोडे आणि गावे पुष्कळ होती. रोजचा भार गावात राहणाऱ्या शिक्षक-उपदेशकांवर होता. तेच मुलांना शिकवत, प्रार्थना चालवत आणि पाळकाच्या फेरीसाठी बाप्तिस्मा व दृढीकरणाचे उमेदवार तयार करत. बायबल शिकवणाऱ्या स्त्रिया घराघरांत जात, कारण पुरुष उपदेशकाला तिथे प्रवेश नसे.

या यंत्रणेचे बळ पहिल्या महायुद्धात सिद्ध झाले. जर्मन मिशनऱ्यांना भारत सोडावा लागला, तेव्हा छोटा नागपूरमधील उराव आणि मुंडा मंडळ्या मोडल्या नाहीत. १० जुलै १९१९ रोजी गॉसनर चर्चने स्वायत्तता जाहीर केली. मंडळी परदेशी पाळकांच्या रविवारावर उभी असती तर हे घडले नसते. ती स्थानिक लोकांच्या आठवड्यावर उभी होती.

मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांतही हीच यंत्रणा ओळखीची आहे. घरोघरच्या प्रार्थनासभा, बायबल अभ्यास, उपवास-प्रार्थना, महिला मंडळ, तरुण संघ, मुलांची संडे स्कूल, आजाऱ्याच्या भेटी, मौतीच्या घरी शेजारच्यांनी नेलेले जेवण, वर्गणी आणि हिशेब यांवर ती चालते. यांतील बहुतेक कामे स्त्रिया करतात, आणि मंडळीच्या इतिहासात त्यांची नोंद सर्वांत कमी असते. उपदेश छापले जातात, पण आजाऱ्याच्या उशाशी घालवलेल्या संध्याकाळी छापल्या जात नाहीत. रविवारकेंद्री दृष्टीने केलेला हा मोठा अन्याय आहे.

६. गीत: मंडळीच्या तोंडी आलेला धर्म

लूथर यांनी मंडळीच्या हाती दिलेली सर्वांत टिकाऊ वस्तू म्हणजे लोकभाषेतील गीत. १५२४ मध्ये पहिले छोटे गीतसंग्रह निघाले आणि १५२६ मध्ये जर्मन भाषेतील उपासनाक्रम आला. गायकवृंदाचे गाणे ऐकत बसलेली मंडळी स्वतः गाऊ लागली. गीत पाठ होते आणि पाठ झालेले गीत शेतावर, स्वयंपाकघरात, प्रवासात सोबत येते. रविवार आणि इतर दिवस यांना जोडणारा सर्वांत बळकट दुवा तोच आहे.

भारतात या गीताला देशी चाल मिळाली ती आधी तंजावरात, आणि त्या कथेत एक मराठी दरबार आहे. जर्मन ल्युथरन धर्मगुरू क्रिश्चन फ्रीडरिख श्वार्ट्झ (१७२६–१७९८) यांच्या देखरेखीखाली भोसले घराण्यातील दुसरे सरफोजी राजे शिकले. श्वार्ट्झ यांचेच शिष्य वेदनायगम शास्त्री (१७७४–१८६४) यांनी कर्नाटक संगीतात तमिळ ख्रिस्ती रचना केल्या आणि सरफोजींशी त्यांचा स्नेह होता. ती गीते तमिळ मंडळ्या अजून गातात.

महाराष्ट्रात हेच काम ल्युथरन मिशनबाहेर झाले. अहमदनगरच्या कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा उभी केली. नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ओवी-अभंगांच्या वळणाची पदे आणि भजने रचली. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातील त्यांच्या रचना मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या तोंडी रुळल्या आहेत. पेटी, तबला आणि झांज यांच्या साथीने म्हटलेले हे पद पंढरपूरच्या वाटेवरच्या माणसाला परके वाटत नाही. लूथर यांचे तत्त्व इथे काँग्रिगेशनल मंडळीत, वारकरी छंदात पूर्ण झाले. विधी सर्वत्र सारखे असण्याची गरज नाही, या सातव्या कलमाला याहून चांगला पुरावा मिळणे अवघड आहे.

७. चार आक्षेप

पहिला आक्षेप: ही सगळी परदेशी व्यवस्था आहे. उगम परदेशी आहे, हे खरे. पण १७०६ पासून भारतात रुजलेली आणि तमिळ, तेलुगू, मुंडारी, कुडुख भाषांत प्रार्थना करणारी परंपरा उगमावरून परकी ठरवता येत नाही. परकेपणाची खरी कसोटी भाषा, गीत आणि कारभार कोणाच्या हाती आहे, ही आहे. जिथे पाळक, पंच आणि गीतकार गावचे आहेत, तिथे मंडळी गावची आहे.

दुसरा आक्षेप: दर आठवड्याला तेच शब्द म्हटल्याने धर्म यांत्रिक होतो. यात तथ्य आहे, आणि लक्ष न देता उच्चारलेली प्रार्थना ल्युथरन परंपरेलाही मान्य नाही. परंतु आवर्तन काढून टाकल्याने लक्ष येतेच असे नाही. नेमाशिवाय भक्ती टिकत नाही, हे माळ घातलेला वारकरीही जाणतो. दुःखात माणसाला स्वतःचे शब्द सुचत नाहीत. अशा वेळी वर्षानुवर्षे पाठ झालेले शब्दच त्याच्या उपयोगी पडतात. यांत्रिकपणावरचा उपाय उपदेशात आणि घरच्या शिक्षणात आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: एका भाकरीत वाटेकरी होणाऱ्या मंडळ्यांनी जात मोडली नाही. इतिहास या आक्षेपाच्या बाजूने साक्ष देतो. तमिळ मंडळ्यांत जातीनुसार वेगळे बसण्याची रीत दीर्घकाळ चालली. तंजावरात १८२० च्या दशकात नव्या मिशनऱ्यांनी त्यावर बोट ठेवले तेव्हा मोठा वाद झाला, आणि त्यात वेदनायगम शास्त्रीही जुन्या रीतीच्या बाजूने उभे राहिले. पुढे लाइपझिग मिशनने याबाबत नरमाई दाखवली. या दोषाचे समर्थन होऊ शकत नाही. मात्र हा दोषच या लेखाचे प्रतिपादन बळकट करतो. रविवारी एका मेजापाशी येणे आणि आठवडाभर वेगळ्या विहिरीवर जाणे हे एकत्र चालू शकले, कारण उपासना तासापुरती मानली गेली. आठवडा हा उपासनेचा भाग मानला असता, तर रोटीबेटीचा प्रश्न प्रभुभोजनाचाच प्रश्न ठरला असता. महाराष्ट्रातील प्रोटेस्टंट समाज मोठ्या प्रमाणात दलित जातींतून आला आहे. त्याच्या दृष्टीने ही कसोटी पुस्तकी नाही, जगण्याची आहे.

चौथा आक्षेप व्यवहाराचा आहे: ऊसतोड मजूर, हॉटेल कामगार, दुकानदार आणि पाळीतील कामगार यांना रविवार मोकळा नसतो. गाळपाच्या हंगामात तोडणीची टोळी वार पाहत नाही. पण दिवस स्वतः पवित्र नसून व्यवस्थेसाठी आहे, हा लूथर यांचा विचार इथे मार्ग दाखवतो. उपासना संध्याकाळी, सुट्टीच्या वारी, घरी किंवा वस्तीवर होऊ शकते. ज्याला येणे शक्य नाही त्याच्याकडे मंडळीने जाणे, हे सवलत म्हणून नव्हे तर कर्तव्य म्हणून केले पाहिजे. विश्रांतीची आज्ञा आधी राबणाऱ्यासाठी आहे. म्हणून सभासदाला सुट्टी नाकारणारा मालक स्वतः मंडळीत बसत असेल, तर त्याला सुनावणे हाही उपदेशाचाच भाग आहे.

८. मूल्यमापनाचे निकष

या विवेचनातून मंडळीला पारखण्याचे निकष ठरतात. घरात मुलांना विश्वासाची मूलतत्त्वे कोण शिकवते? रविवारच्या प्रार्थनेत ज्या आजाऱ्याचे नाव घेतले, त्याच्याकडे बुधवारपर्यंत कोणी गेले का? गीते लोकांना पाठ आहेत, की गायकांच्या हाती गेली आहेत? दानाचा हिशेब सर्वांसमोर मांडला जातो का? पापांगीकारात कबूल केलेली भांडणे आठवड्यात मिटतात का? प्रभुभोजनात शेजारी उभे राहणारे एकमेकांच्या घरी जेवतात का? कष्टाचे काम करणाऱ्या सभासदाच्या वेळेनुसार मंडळी आपला वेळ बदलते का?

या प्रश्नांची उत्तरे हजेरीपटात सापडत नाहीत. भरगच्च चर्च असलेली मंडळी त्यांत नापास होऊ शकते आणि एखाद्या घराच्या ओसरीवर जमणारी चार कुटुंबे उत्तीर्ण होऊ शकतात. ऑग्सबर्गच्या व्याख्येनुसार त्या ओसरीवर वचन सांगितले जात असेल आणि संस्कार दिले जात असतील, तर ती पूर्ण मंडळी आहे, मग ती कोणत्याही मिशनच्या वाटणीत आलेली असो. रविवारचा तास आवश्यक आहे, कारण आठवड्याला लागणारी क्षमा, वचन आणि भाकर तिथे मिळते. पण तो जे देतो ते पोचले की नाही, हे कळण्याची जागा बाजार, मळा, कारखाना आणि शेजाऱ्याचे दार हीच आहे.